रोगाच्या आधी पोहोचणाऱ्या भगिनी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा तुम्हीही एक लेख द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा कोणता विषय घ्यावा याचा मला दोन दिवस विचार पडला. स्मरणिकेत एक तरी लेख इतिहासावर असावा असा आपल्याकडे पायंडा आहे. रत्नागिरीचा इतिहास म्हटला की लोकमान्यांचे जन्मस्थान, थिबा राजाचा राजवाडा, पतितपावन मंदिर या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. त्यांवर आपल्या स्मरणिकेत पूर्वी पुष्कळ लिहून झाले आहे आणि माझ्याहून अधिक जाणत्या भगिनींनी ते लिहिले आहे. म्हणून मी निराळा इतिहास घेतला आहे. हा इतिहास बायकांचा आहे, तो आपल्याच महाराष्ट्रात घडला, आणि तो घडविणाऱ्या बऱ्याचजणी आपल्यासारख्याच बेताच्या शिकलेल्या होत्या.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. वैद्यकातले मला काही कळते असा माझा दावा नाही. परंतु आपल्या मंडळात डॉक्टरीणबाईंचे व्याख्यान झाल्यापासून हा विषय माझ्या मनात घर करून राहिला. माझी भाची परिचारिका आहे. तिने इंग्रजीत छापलेले पुष्कळसे वाचून मला मराठीत समजावून सांगितले, आणि मी ते वहीत टिपून घेतले. त्या टिपणांवरून हा लेख लिहीत आहे.

आपल्या कोकणात कर्करोगाचे नाव सहसा कोणी उच्चारत नाही. "अमकीला टाटाला नेली," एवढेच म्हणतात आणि ऐकणारी काय ते समजते. परळच्या त्या रुग्णालयाचे नाव आपल्याकडे रोगाचेच नाव होऊन बसले आहे. कोकणातल्या घराघरांतून माणसे गिरणीत कामाला मुंबईस गेली, ती परळ-लालबागच्या चाळींतून राहिली. त्यामुळे गावाकडची बाई आजारी पडली की रात्रीच्या एस.टी.ने तिला मुंबईस न्यायचे, दिराच्या किंवा भावाच्या खोलीत वळकटी टाकायची आणि सकाळी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहायचे, हे आपल्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. प्रवास सोपा झाला, पण जाण्याची वेळ बदलली नाही. बाई निघते ती दुखणे अंगावर काढून काढून, अगदी उठवेनासे झाले म्हणजे.

त्या रुग्णालयाच्या मुळाशीही एका स्त्रीचेच दुखणे आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशी वारल्या. पुढल्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीतून हे रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. श्रीमंताघरच्या बाईला जे उपचार शोधण्यासाठी सातासमुद्रापार जावे लागले, ते इथल्या गरिबालाही मिळावेत हा त्यामागचा हेतू होता. त्या रुग्णालयाने किती जणांना जीवदान दिले याची गणती नाही. परंतु रुग्णालय कितीही मोठे असले, तरी जो दाराशी येतो त्यालाच ते बरे करू शकते, आणि तोही वेळेवर आला तर. जी येतच नाही तिचे काय, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे तसाच राहिला.

या प्रश्नाचे पहिले पाऊल म्हणजे मोजणी. आपण घरात किती डबे भरले आणि किती रिकामे हे पाहिल्यावाचून वाणसामानाची यादी करीत नाही. तसेच कोणता रोग किती जणांना होतो हे कळल्यावाचून त्याचा बंदोबस्त करता येत नाही. १९६३ साली मुंबईत कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही सुरू झाली. आपल्या देशातली ती पहिलीच. त्या नोंदींवरून आणि पुढे देशात इतरत्र झालेल्या नोंदींवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. आपल्या बायकांचा बळी घेणाऱ्या कर्करोगांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग अगदी वरच्या जागी होता, आणि खेड्यांतून तर तो पहिलाच होता.

योगायोग पाहा. ज्या सुमारास मुंबईत मोजणी सुरू झाली, त्याच सुमारास युरोपातल्या फिनलंड या लहानशा देशाने या रोगाविरुद्ध काम सुरू केले. त्यांनी तिथल्या प्रत्येक बाईला ठराविक वर्षांनी पत्र पाठवून तपासणीला बोलाविले. दुखत असो वा नसो, प्रत्येकीला बोलावणे. काही दशकांत त्या देशात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे पाचांपैकी चार कमी झाले. म्हणजे हा रोग टाळता येतो हे जगाला तेव्हापासून ठाऊक आहे.

तो टाळता कसा येतो, हे थोडक्यात सांगते. आपल्या वैद्यांच्या बोलण्यात 'पूर्वरूप' असा एक शब्द असतो. रोग प्रगट होण्यापूर्वी त्याची जी खूण दिसते ते पूर्वरूप. गर्भाशयाच्या मुखाचा हा रोग एका विषाणूमुळे होतो. हे संशोधन जर्मनीतल्या हारल्ड झुर हाउझेन या शास्त्रज्ञांनी केले आणि त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू पतिपत्नीच्या संबंधातून येतो आणि बहुतेक स्त्रियांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होतो. तेव्हा त्याचा कोणाच्या चालचलणुकीशी संबंध जोडणे हा अडाणीपणा आहे. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो आणि तिथल्या त्वचेत हळूहळू बिघाड करतो. त्या बिघाडाचा कर्करोग होण्यास बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. इतकी वर्षे बाईला काही दुखत नाही, खुपत नाही. ती भात लावते, पाणी भरते, लग्नकार्यांत राबते. या वर्षांत कोणी पाहिले तर पूर्वरूप दिसते आणि तेवढाच भाग थंड उपकरणाने गोठवून काढून टाकता येतो. त्याला काही मिनिटे पुरतात. बाई त्याच दिवशी घरी जाते.

पूर्वरूप पाहण्याची पहिली रीत अमेरिकेत राहणाऱ्या पापानिकोलाऊ नावाच्या ग्रीक डॉक्टरांनी काढली. त्यांचा ग्रंथ १९४३ साली निघाला. गर्भाशयाच्या मुखावरून कापसाने किंवा चमच्यासारख्या काडीने थोडा स्राव घ्यायचा, काचेवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पेशी तपासायच्या. या कामी त्यांच्या पत्नी मेरी या त्यांच्या प्रयोगशाळेत बरोबरीने राबल्या, आणि स्वतःची तपासणी त्यांना वर्षानुवर्षे करू दिली. त्या काचेवरच्या तपासणीला डॉक्टरांच्याच नावावरून 'पॅप' म्हणतात. मेरीबाईंचे नाव त्यात नाही, म्हणून मी ते येथे मुद्दाम लिहिले.

मग ही तपासणी आपल्याकडे का पसरली नाही? कारण तिला प्रयोगशाळा लागते, काच नीट वाचणारी तयार माणसे लागतात, आणि निकाल यायला दिवस लागतात. निकाल आला तरी बाईला पुन्हा बोलवावे लागते. शहरातल्या सुशिक्षित बाईलाही हे अवघड, तर वाडीवरच्या बाईचे काय! आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे, आपल्याला काहीच होत नसताना डॉक्टरकडे का जायचे, हे आपल्या बायकांना पटत नाही. घरातले सर्वांचे जेवण होऊन उरेल ते स्वतःच्या पानात वाढून घेणारी बाई स्वतःच्या अंगासाठी एक दिवस कसा काढील?

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग हे आपल्यासाठी नव्हेच. परंतु पुढचा इतिहास सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत घडला. तिथे कर्करोगाचे एक रुग्णालय आहे. १९८७ साली त्याच्या आधाराने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांसाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. खेड्यांसाठी अशी नोंदवही भारतात ती पहिली. मुंबईत रुग्णालयांतून कागद गोळा केले की नोंद होते. खेड्यात कागदच नसतात, कारण बाई रुग्णालयात गेलेलीच नसते. म्हणून तिथल्या कार्यकर्त्यांना गावोगाव फिरावे लागले. लोकांना जमवायचे, या रोगाची लक्षणे सांगायची, आणि कोणाला तसे होत आहे का ते विचारायचे. पाळी नसताना अंगावर जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधी असलेले पांढरे जाणे, या गोष्टी चारचौघांत कधी बोलल्या जात नाहीत. त्या तिथे प्रथमच बोलल्या गेल्या.

याचा परिणाम असा झाला की, मोजणीसाठी निघालेली माणसे लोकांचे शिक्षणच करून बसली. काही वर्षांत दिसून आले की, त्या भागातल्या बायका रोगाच्या आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. नवे औषध आले नव्हते, नवे यंत्र आले नव्हते. गावात येऊन कोणी तरी सांगितले, एवढेच घडले होते. बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि संख्याशास्त्राच्या जाणकार डॉ. कस्तुरी जयंत यांची नावे या कामात आदराने घेतली जातात.

बार्शीच्या या अनुभवावर पुढचे मोठे काम उभे राहिले. बार्शीला लागून उस्मानाबाद जिल्हा आहे, ज्याला आता धाराशिव म्हणतात. तेथे १९९९ साली एक प्रचंड पाहणी सुरू झाली. फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय संस्थेचे डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन, टाटा रुग्णालयाच्या डॉ. केतायून दिनशॉ व त्यांचे सहकारी, आणि बार्शीचे रुग्णालय असे सर्व त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट करून त्यांची चार भागांत विभागणी केली. एका भागातल्या स्त्रियांची विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्या भागात पॅप, तिसऱ्या भागात सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी. चौथ्या भागात तपासणी नाही. तेथील स्त्रियांना माहिती दिली गेली आणि तपासणी कोठे मिळेल ते सांगितले गेले.

ही आम्लाची तपासणी आपल्या ध्यानात येण्यासारखी आहे. लोणच्यात, चटणीत घालायला बाजारात जो व्हिनेगर मिळतो, त्यातले जे आम्ल तेच पाण्यात सौम्य करून कापसाने गर्भाशयाच्या मुखावर लावतात आणि मिनिटभर थांबतात. जेथे बिघाड असेल तेथे पांढरा डाग उमटतो. प्रयोगशाळा नको, काच नको, निकालाची वाट पाहणे नको.

आता यातले काम कोणी केले ते पाहा. घरोघर फिरून नावे लिहिणाऱ्या, प्रत्येकीला समजावून सांगणाऱ्या, तपासणीची तारीख आणि जागा लिहिलेले कार्ड हाती देणाऱ्या या आरोग्यसेविका होत्या. तपासणी करणाऱ्या होत्या शिकवून तयार केलेल्या नर्सबाई. मोठे डॉक्टर मागे होते, शिकवायला आणि उपचाराला. दारात उभी राहिली ती बाईच. ज्या जिल्ह्यात पूर्वी अशी तपासणी कोणी ऐकलीही नव्हती, तेथे बोलाविलेल्यांपैकी दर दहांतल्या जवळजवळ आठ स्त्रिया आल्या. आपल्या बायका येत नाहीत, त्यांना समजत नाही, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही. बोलावणे नीट आले तर बायका येतात.

आठ वर्षे या सर्व स्त्रियांची खबर ठेवली गेली. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्या भागात विषाणूची तपासणी एकदाच केली होती, तेथे या रोगाने ३४ स्त्रिया वारल्या. ज्या भागात तपासणी नव्हती, तेथे ६४. दोन्ही भागांतल्या स्त्रियांची संख्या साधारण सारखीच, तीस-पस्तीस हजार. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या पॅपने किंवा आम्लाच्या तपासणीने मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. हेही सांगितले पाहिजे, कारण इतिहास सोयीचा तेवढाच लिहायचा नसतो.

आणि आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तपासणी न मिळालेल्या भागातल्या स्त्रियांबद्दल पुढे पुष्कळ वाद झाला. रोग टाळता येतो हे जगाला ठाऊक असताना यांना तपासणीविना का ठेवले, असा प्रश्न देशातल्या व परदेशातल्या डॉक्टरांनी विचारला. करणाऱ्यांचे म्हणणे असे की, त्या काळी तेथे कोणालाच तपासणी मिळत नव्हती, आणि तुलना केल्यावाचून कोणती रीत उपयोगी हे ठरले नसते. मी शिकलेली नाही, मोठ्यांच्या वादात मी काय बोलणार! पण त्या ६४ जणींचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याही कोणाच्या आया, कोणाच्या सासवा, कोणाच्या थोरल्या बहिणी होत्या. त्यांच्या जाण्याने जी गोष्ट सिद्ध झाली ती कागदावरच राहिली, तर त्यांचे आपल्यावरचे ऋण फिटणार नाही. हा लेख लिहिण्याचे खरे कारण हेच आहे.

उस्मानाबादेत काम चालू होते त्याच काळात मुंबईतही असे एक काम चालू होते. टाटा रुग्णालयाने १९९८ साली मुंबईतल्या झोपडवस्त्यांतून ते सुरू केले. डॉ. सुरेंद्र शास्त्री त्याचे प्रमुख होते. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. आपल्या जिल्ह्यातून पोटासाठी गेलेल्या कुटुंबांतल्याही कित्येकजणी अशाच वस्त्यांतून राहतात. या कामासाठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया निवडल्या आणि त्यांना काही आठवड्यांचे शिक्षण दिले. वस्तीतच तपासणीची सोय केली. त्या स्त्रियांनी आम्लाची तपासणी करायची, आणि तीही एकदाच नव्हे, दर दोन वर्षांनी, चार वेळा. बारा वर्षांनी हिशेब केला, तेव्हा तपासणी झालेल्या वस्त्यांतून या रोगाचे मृत्यू शेकडा ३१ कमी झालेले आढळले. २०१३ साली अमेरिकेत डॉक्टरांच्या मोठ्या परिषदेत हा निकाल सांगितला गेला. उस्मानाबादेत एकदा करून जे साधले नाही, ते मुंबईत पुन्हा पुन्हा करून साधले. साधी रीत असली तर ती नेमाने करावी लागते. दूध एकदा तापवून भागत नाही, रोज तापवावे लागते, तसेच हे आहे.

या सर्व इतिहासातून मला तीन गोष्टी उमगल्या. पहिली ही की, तपासणी कोणतीही असो, ती बाईच्या दाराशी पोहोचली पाहिजे. नुसती फलकावर लिहून चालत नाही. दुसरी ही की, जिच्यात दोष सापडला तिला उपचारापर्यंत हात धरून नेले पाहिजे. नाही तर तपासणी म्हणजे आग लागली असे ओरडून पाणी न आणण्यासारखे आहे. आणि तिसरी, हे हात धरण्याचे काम शेजारणीइतके चांगले कोणीच करू शकत नाही.

तिसऱ्या गोष्टीबद्दल एक घरचे उदाहरण देते. माझ्या माहेरच्या नात्यातल्या एका काकूंना पाळी गेल्यावर चार वर्षांनी पुन्हा थोडे थोडे दिसू लागले. त्यांनी ते सुनेला सांगितले नाही, कारण सून परक्या घरची. मुलाला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. "पाळी परत आली, अजून तरुण आहे मी," असे त्या विहिरीवर हसत म्हणाल्या, तेवढेच. विहिरीवरच्या सर्वजणी हसल्या. त्यांच्यापैकी एकीलाही ते लक्षण आहे हे ठाऊक नव्हते. भातकापणी झाली, मुलीचे लग्न झाले, आणि मग काकूंना टाटाला नेले. तेथील डॉक्टरांनी शक्य ते सर्व केले, परंतु दीड वर्षात त्या गेल्या. विहिरीवर सहा बायका होत्या. एकीला जरी माहीत असते तरी काकू त्याच आठवड्यात दवाखान्यात गेल्या असत्या. म्हणून मी म्हणते, हे ज्ञान डॉक्टरांच्या कपाटात असून उपयोगी नाही, ते विहिरीवर असले पाहिजे.

आज परिस्थिती काय आहे? सरकारने २०१६ साली तिशीपुढच्या सर्वांसाठी तपासणीचा कार्यक्रम आखला. त्यात रक्तदाब आणि मधुमेह यांबरोबर तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग यांची तपासणी आहे. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी ३० ते ६५ वयाच्या बाईने दर पाच वर्षांनी करून घ्यावी असे त्यात सांगितले आहे. आशाताई घरी येऊन माहितीचा कागद भरतात. कार्यक्रम चांगला आहे. परंतु २०१९ ते २०२१ या काळात देशभर जी कुटुंब-आरोग्याची पाहणी झाली, तीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या शेकडा दोनही निघाल्या नाहीत. आणि २०२२ या एका वर्षात या रोगाचे देशात सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. आठ मिनिटांत एकीहून अधिक. आपली एक आरती म्हणून होईपर्यंत कोठेतरी एक बाई जाण्याच्या वाटेवर असते.

आपला जिल्हा लांबलचक. मंडणगडपासून राजापूरपर्यंत डोंगर, खाड्या, आणि एकेका गावाच्या दहा-दहा वाड्या. देशावर गाव एका जागी असते, आपल्याकडे घराघरांत बागायत आणि घाटी. आशाताई एकटी किती चढणार? तिच्याबरोबर त्या वाडीतली एक बाई असेल तर दार लवकर उघडते. येथेच आपल्या मंडळाचे काम सुरू होते.

दिवसही आपणच नेमावेत. शहरात बसून ठरविलेले शिबिर नेमके लावणीत येते आणि मग म्हणतात बायका आल्या नाहीत. आषाढ-श्रावणात चिखलात उभी असलेली बाई कशी येईल? गणपतीत चाकरमानी घरी, शिमग्यात पालखी, वैशाखात आंब्याची पेटी भरायची. परंतु भात घरात आल्यावर, मार्गशीर्षापासून रथसप्तमीपर्यंत बाईला थोडी उसंत असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर आपण एकमेकींच्या घरी जातोच. त्या वेळी वाण लुटताना आपण नाना वस्तू देतो, ज्या पुढे माळ्यावर पडतात. यंदा वाणाबरोबर तपासणीच्या तारखेचे कार्ड द्यावे, अशी माझी सूचना आहे. उस्मानाबादच्या त्या सेविकांनी दिले तसेच.

विधवा भगिनींनाही या हळदीकुंकवास अगत्याने बोलवावे. रोग कुंकू पाहून येत नाही, आणि पाळी गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या बायकाच तपासणीला सर्वांत मागे राहतात.

याच वेळी रक्तदाब आणि साखर पाहून घ्यावी, आणि ज्या भगिनी मिश्री लावतात त्यांनी तोंड तपासून घ्यावे. हे सगळे एकाच जातीचे रोग आहेत, वर्षानुवर्षे मुकाट राहणारे. ते बोलू लागतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यांना बोलण्यापूर्वीच गाठावे लागते. ज्यांच्या घरी नऊ ते चौदा वयाच्या मुली आहेत त्यांनी या विषाणूवरील लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेली आपल्या देशातली अशी पहिली लस २०२२ साली मंजूर झाली आहे. आपल्याला तपासणी लागते, आपल्या नातींना कदाचित तेवढीही चिंता राहणार नाही.

खर्चाचा प्रश्न कोणी काढील. सरकारी केंद्रात ही तपासणी विनामूल्य आहे. मंडळाला खर्च काय तो चहाचा, आणि लांबच्या वाडीवरच्या भगिनींसाठी रिक्षाचा. आपल्या सहलीचे पैसे एक वर्ष यासाठी ठेवता येतील. एक मात्र आधीच ठरवून ठेवावे. जिच्या तपासणीत काही निघेल तिचे नाव कोठेही उघड होणार नाही, आणि तिच्याबरोबर पुढच्या रुग्णालयात जाण्यासाठी मंडळातली एक बाई नेमलेली असेल. घरी स्वयंपाक कोण करील, गुरांना कोण पाहील, हेही त्याच बैठकीत ठरवावे. बाई उपचाराला जात नाही ती भीतीपेक्षा याच गोष्टींसाठी.

भगिनींनो, आपल्या मंडळाने आजवर पुष्कळ कामे केली. भजन, शिवणवर्ग, भोंडला, पाककृतींच्या स्पर्धा, पूरग्रस्तांना मदत. त्यात हे एक काम अधिक. आपल्यातल्या ज्या तीस वर्षांच्या पुढच्या आहेत, त्या प्रत्येकीने पुढील वर्धापनदिनापूर्वी ही तपासणी करून घ्यावी, आणि आपल्या वाडीतल्या किंवा आळीतल्या दोघींना बरोबर न्यावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत जमाखर्चाच्या पानाखाली एवढाच एक आकडा छापावा, किती भगिनींची तपासणी झाली आणि किती जणींचा उपचार पुरा झाला. तो आकडा लहान असला तरी चालेल, तो खरा असावा.

लेख लांबला, त्याबद्दल वाचक भगिनींनी उदार मनाने सांभाळून घ्यावे. चिटणीसबाईंकडे तपासणीसाठी नावे लिहिण्याची वही ठेवली आहे. पहिले नाव मी माझे लिहिले आहे, दुसऱ्या ओळीपासून वही मोकळी आहे.